पायडलच्या नौकेचा जमाखर्च

उन्हाळ्याच्या सुटीत सोलापूरहून महाबळेश्वरला गेलेले कुटुंब वेण्णा तलावावर पाय ठेवल्याशिवाय परतत नाही. मोठी माणसे वल्ह्याच्या होडीत बसतात, मुले पायडलच्या नौकेसाठी हट्ट धरतात. पाच-दहा मिनिटे उत्साह टिकतो. मग पोटऱ्या भरून येतात, नौका जागच्या जागी डुलू लागते आणि शेजारची वल्ह्याची होडी शांतपणे पुढे निघून जाते. हीच मुले घरी असताना तेवढ्याच श्रमात सायकलवरून चार-पाच किलोमीटर सहज फिरून येतात. पाय तेच, पायडल तेच, श्रमही तेवढेच. मग पाण्यावर ते बळ जाते कोठे?

प्रश्न वरवर पोरकट वाटतो. पण त्याच्या मागे लागून काही माणसांनी आयुष्यातील उमेदीची वर्षे वेचली आहेत. घराच्या पडवीत किंवा गाडीच्या शेडमध्ये लाकूड, तार, राळ आणि जुन्या सायकलीचे भाग घेऊन त्यांनी शर्यतीच्या नौका बांधल्या, पाण्यात घातल्या, पुन्हा घरी आणून कापल्या, पुन्हा जोडल्या. व्यापारी घराण्यातील वाचकाला या उद्योगात एक गोष्ट चटकन ओळखीची वाटेल. येथे उत्पन्न ठरलेले असते. वाढवता येते ती फक्त शिल्लक, आणि तीही खर्चाच्या बाजूने.

उत्पन्न किती, ते आधी पाहू. निरोगी प्रौढ माणूस फारसा न थकता तासभर पायडल मारीत राहिला, तर त्याच्याकडून सुमारे 75 ते 100 वॉट शक्ती मिळते. सराव असलेला सायकलपटू 200 ते 250 वॉटपर्यंत जातो. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॉट; तेव्हा सामान्य गृहस्थ फार तर अश्वशक्तीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याचा धनी. घरातला मिक्सर याहून अधिक वीज खातो. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर पाण्याशी व्यवहार करायचा, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट.

खर्चाची खाती मोजकी, पण मोठी आहेत. नौकेच्या बुडाला पाणी घासते, ते पहिले खाते. पुढे सरताना नौका लाटा उठवते, ते दुसरे. चेन, दातरी चाके आणि बेअरिंग आपापली दलाली घेतात. शेवटी पाणी मागे लोटणारा पंखा स्वतःच बरेचसे बळ पाण्यात भोवरे उठवण्यात घालवतो. यावर पाण्याचा आणखी एक कठोर नियम आहे : वेग दुप्पट हवा असेल, तर शक्ती सुमारे आठपट लागते. म्हणून दोघांऐवजी चौघे पायडल मारायला बसले, तरी नौका दुप्पट वेगाने जात नाही. वेगाला जेमतेम चौथाईची भर पडते, आणि तीही चौघांच्या वजनाने नौका अधिक खोल बसली नाही तरच.

लाटांचे खाते समजायला जगाला बराच काळ लागला. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने 1870 नंतरच्या दशकात टॉर्की येथे लांब हौद बांधला, त्यात जहाजांचे मेणाचे नमुने ओढले आणि ताण मोजला. नौका जितकी लांब, तितकी तिने उठवलेली लाटही लांब, आणि लांब लाट अधिक वेगाने धावते. स्वतःच्याच लाटेच्या चढणीवर अडकून पडेपर्यंत नौका किती वेग घेऊ शकेल, ते त्यामुळे तिच्या लांबीवर ठरते. पाण्याला टेकलेली लांबी अडीच मीटर असेल तर ही मर्यादा ताशी सुमारे 7 किलोमीटर येते. सव्वासहा मीटर असेल तर सुमारे 11. बागेतल्या तळ्यातली नौका आखूड आणि रुंद असते, म्हणून ती लाटेच्या भिंतीशी फार लवकर भिडते. शिवाय तिला पंख्याऐवजी फळ्यांचे चाक असते. त्या चाकाची फळी पाण्यात शिरताना पाणी खाली दाबते आणि बाहेर येताना वर उचलते. दोन्हींचा पुढे जाण्याशी संबंध नसतो. अर्थात त्या नौकेला दोष देणे न्यायाचे नाही. ती वेगासाठी बांधलेलीच नसते. चार अनोळखी माणसे एका बाजूला झुकली तरी उलटू नये, एवढेच तिचे काम, आणि ते ती चोख करते.

शर्यतीच्या नौकेचा कर्ता मात्र एकेक खाते उघडून बसतो. तो पहिली कात्री रुंदीवर चालवतो. सहा-सात मीटर लांब आणि बसणाऱ्याच्या कंबरेला जेमतेम पुरेल एवढी अरुंद नौका लाट उठवतेच कमी; तिच्या बाबतीत फ्रूडची भिंत ठेंगणी होते. वल्हवण्याच्या ऑलिंपिक शर्यतीतील एकट्याची नौका सुमारे आठ मीटर लांब असते आणि रुंदीला वीतभरापेक्षा थोडीच अधिक, ती याच कारणाने.

अशी नौका घरी बांधण्याची सर्वांत सोपी रीत शिवणकामासारखी आहे. पातळ प्लायवूडच्या लांब पट्ट्या नकाशाप्रमाणे कापायच्या, कडांना बारीक भोके पाडायची आणि तांब्याच्या तारेने त्या पट्ट्या एकमेकींना टाचायच्या. सपाट फळ्यांना आपोआप नौकेचा बाक येतो. आतून सांध्यांवर इपॉक्सीची लुकण भरली, वरून काचतंतूची पट्टी चिकटवली आणि ती घट्ट झाली, की तारा काढून टाकता येतात. ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर शतकानुशतके खिळ्यांवाचून, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून जहाजे बांधली जात. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून प्रेरणा घेऊन गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ हे तसेच शिवलेले जहाज 2025 साली कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले. तांब्याची तार आणि काथ्या यांत अंतर आहे, पण हाताची हालचाल तीच.

बुडाचे काम धीराचे असते, तर पायापासून पंख्यापर्यंत बळ नेण्याचे काम डोक्याचे. माणूस मिनिटाला साठ ते नव्वद फेरे सुखाने मारतो. पंख्याला त्याच्या काही पट फेरे हवेत. शिवाय पायडलचा आस आडवा आणि पंख्याचा आस नौकेच्या लांबीत, म्हणजे मध्ये काटकोन आला. हौशी कारागीर तो तीन-चार परींनी सोडवतात. कोणी सायकलची लांब चेन अर्ध्यावर पीळ देऊन नव्वद अंशांत वळवतो. ऐकायला हे अशक्य वाटते, पण दोन चाकांमध्ये पुरेसे अंतर ठेवले तर चेन मुकाट्याने पीळ सोसते. अंतर कमी पडले, की दातांवरून उडी मारते. कोणी तिरप्या दातांच्या चाकांची पेटी बसवतो. ऑस्ट्रेलियाच्या रिक विलोबी यांनी आणखी साधी वाट काढली. बोटभरही जाड नसलेली स्प्रिंगच्या पोलादाची लवचीक सळई त्यांनी नौकेतून वाकवून पाण्यात सोडली. सळई वाकलेल्या अवस्थेतच फिरते आणि पाण्याखाली पेटी, नळी, बेअरिंग यांचा लवाजमा लागत नाही. जो भाग मुळात नाही, त्याला घर्षणही नाही.

आता पंखा. नवख्याची पहिली चूक ठरलेली असते. मोटारबोटीचा लहान, जाड पात्यांचा पंखा पाहून तो तसलाच बसवतो आणि गरागरा फिरवतो. पाणी जोरात मागे उसळते, फेस दिसतो, समाधान होते. नौका मात्र रेंगाळते. थोडे पाणी जोरात फेकण्यात जितके बळ वाया जाते, त्याच्या कितीतरी कमी बळ पुष्कळ पाणी हलकेच मागे सारण्यात जाते. पेठेतल्या कोणत्याही जुन्या दुकानदाराला हे तत्त्व सांगावे लागत नाही : थोड्या मालावर भरमसाट नफा काढायला जाणारा अडकतो, मोठी उलाढाल आणि लहान नफा ठेवणारा टिकतो. म्हणून पायडलच्या शर्यती नौकेचा पंखा हातभर व्यासाचा, दोनच निमुळत्या पात्यांचा आणि संथ फिरणारा असतो. तो नीट घडला तर पायाच्या बळातील पावपट भागही वाया जाऊ देत नाही. आगबोटीच्या पंख्यांनाही हे सहसा साधत नाही, कारण त्यांना बंदरात व्यास आवरून धरावा लागतो.

सोलापूरला समुद्र नाही, पण अशा कामाला लागणारे बाकी सारे आहे. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांच्या या गावात शाफ्ट सरळ करणारा, बेअरिंगची बैठक कापणारा, तुटलेला दात भरून देणारा लेथवाला शोधत फिरावे लागत नाही. मागाच्या दुरुस्तीत मुरलेल्या कारागिराला पीळ दिलेल्या चेनचे वर्णन सांगितले, तर तो हसेल, मग कागद मागेल. सायकलचे भाग मिळतात, प्लायवूड मिळते, इपॉक्सी मिळते. नसते ती दोन-तीनदा फसण्याची तयारी. आपल्या घरांतील मुले हिशेबात हुशार निघतात, परदेशी पदव्या आणतात. पण करवत, कानस आणि वेल्डिंगचा हातमोजा त्यांच्या हाती क्वचितच जातो. हाताने काम करणाऱ्याला पगार देण्याची सवय लागली, की स्वतः हात चालवणे कमीपणाचे वाटू लागते. ही उणीव आता बऱ्याच घरांना जाणवू लागली आहे, हेही तितकेच खरे.

नौका पहिल्यांदा पाण्यात उतरते तेव्हा ती बहुधा कर्त्याची निराशा करते. पंखा पृष्ठभागाच्या फार जवळ असला तर वरून हवा ओढून घेतो आणि अचानक पायडल हलके होते, जणू चेन तुटली. बैठक चार बोटे उंच झाली तर अरुंद नौका प्रत्येक फेऱ्याला डावी-उजवी झुलते. वजन मागे पडले तर पिछाडी बसते आणि नाळ आभाळाकडे पाहते. सुकाणू मोठे झाले तर ब्रेकसारखे ओढते, लहान झाले तर वाऱ्यापुढे चालत नाही. जलपर्णीचा एक धागा शाफ्टभोवती गुंडाळला, की अर्धी ताकद त्यातच. या प्रत्येक दुखण्यावर उपाय आहे. मात्र सर्व उपाय एकदम केले, तर कशाने गुण आला ते कळत नाही. एका वेळी एकच बदल करायचा, त्याच पाण्यात, शक्यतो वारा पडलेल्या पहाटे, त्याच अंतरावर जाऊन-येऊन वेळ घ्यायची आणि वहीत तारखेसह लिहायची. ज्यांची वही नीट, त्यांची नौका वर्षागणिक वेगवान होते. ज्यांना आपली नौका मुळातच उत्तम वाटते, त्यांची तेथेच राहते.

वहीत वेळेशिवाय आणखी एक आकडा हवा, आणि तो मिळवायला स्प्रिंगचा तराजू पुरतो. पायडल न मारता नौका दुसऱ्या होडीमागे लांब दोराने ओढून घ्यायची आणि दोरावरचा ताण वाचायचा. समजा, ताशी 9 किलोमीटर वेगाला तराजूने 3 किलो दाखवले. याचा अर्थ त्या वेगाला बुडाचा आणि लाटांचा मिळून खर्च सुमारे 74 वॉट. तोच माणूस तोच वेग राखायला पायाने 120 वॉट देत असेल (आजकाल सायकलपटूंच्या पायडललाच हे मोजणारे यंत्र असते), तर उरलेले 46 वॉट चेन आणि पंखा यांनी खाल्ले. आता दोष बुडात शोधायचा की पंख्यात, हा वाद राहत नाही. बँकेच्या पासबुकाशी घरची खतावणी ताडून पाहिली, की चुकलेली नोंद जशी आपण होऊन वर येते, तसेच हे.

या हिशेबाच्या जोरावर माणसे कोठवर पोचली, ते पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत अॅलन अॅबट आणि अॅलेक ब्रूक्स यांनी ‘फ्लाइंग फिश’ नावाची नौका केली. तिच्याखाली पाण्यात बुडालेले दोन पातळ पंख होते. वेग आला की तिचे सारे वजन त्या पंखांवर येई आणि बाकीची नौका पाण्याबाहेर. बुडाचे खातेच बंद! ऑलिंपिक सायकलपटू स्टीव्ह हेग याने तिच्यावर 2000 मीटरचे अंतर 6 मिनिटे 38 सेकंदांत तोडले. एकट्याने वल्हवण्याच्या त्या वेळच्या विक्रमापेक्षा ते कमी होते. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मंडळींनी ‘डेकाव्हिटेटर’ बांधली. तिने पंखाही पाण्यातून काढून वर हवेत नेला, विमानासारखा. 27 ऑक्टोबर 1991 रोजी बॉस्टनच्या चार्ल्स नदीवर मार्क ड्रेला यांनी ती 100 मीटर अंतरावर 18.5 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 34 किलोमीटर वेगाने नेली.

परंतु हे झाले काही सेकंदांचे वैभव. पाण्याबाहेर उचलले जाण्यासाठी आधी मोठी शक्ती ओतावी लागते आणि ती माणसाला फार वेळ देता येत नाही. जून 2008 मध्ये कॅनडाच्या ग्रेग कोलोद्झीझिक यांनी अमेरिकेतील व्हाइटफिश सरोवरावर 24 तासांत 245 किलोमीटर अंतर पायडलच्या नौकेने कापले, तेव्हा त्यांनी असे पंख वापरले नाहीत. त्यांची नौका विलोबी यांच्याच पठडीतील : लांब, सडपातळ, संथ पंख्याची. सरासरी ताशी 10 किलोमीटर. सायकलवर कोणी या वेगाचे कौतुक करणार नाही. पण अहोरात्र, पाण्यावर, एकट्या माणसाच्या दोन पायांवर हा वेग टिकला, याचे मोल 34 किलोमीटरच्या झेपेपेक्षा अधिक मानावे लागेल.

अरुंदपणाची किंमतही असते, आणि ती पैशात मोजता येत नाही. अशी नौका उभी राहत नाही. सायकलसारखीच ती चालती असेपर्यंत तोल धरते. म्हणून कोकणातल्या होड्यांना असते तशी उलांडी तिला दोन्ही बाजूंना लावतात. पाण्याला जेमतेम टेकणारे दोन लहान तरंगते सोटे वेगाला फारसे नडत नाहीत. पहिल्या यशानंतर उलांडी काढून टाकण्याचा मोह प्रत्येकाला होतो; तो टाळलेला बरा. 21 मे 2024 रोजी उजनीच्या फुगवट्यात कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जीव गेले. उजनीचे पाणी सकाळी आरशासारखे असते आणि दुपारनंतर त्याच पाण्यावर लाटा उभ्या राहतात, हे भीमाकाठच्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. अंगात तरंगते जाकीट नसेल आणि सोबत दुसरी होडी नसेल, तर नौका कितीही देखणी असो, तिने काठ सोडू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांनी एवढ्या एका बाबतीत हट्ट धरला, तर तो त्यांचा अधिकार आहे.

येथे काही वाचकांच्या मनात वेगळी शंका येईल, आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. पाणी म्हणजे अप्कायिक जीवांचा पिंड. गाळल्याशिवाय पाणी न पिणारे, चातुर्मासात प्रवास टाळणारे घर तलावात शर्यतीची नौका घालील काय? आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्या सांगितली आहे. माती, पाणी, अग्नी, वारा यांचा निष्फळ आरंभ आणि निष्कारण भटकंती तिच्यात येते. मुनींसाठीचे नियम तर फारच सूक्ष्म आहेत. आचारांगसूत्रात साधूला नदी ओलांडण्यास नौकेत बसावे लागले, तर त्याने ती ओढण्यास, वल्हवण्यास किंवा तिची गळती बुजवण्यासही हातभार लावू नये, असा दंडक आहे.

गृहस्थाचे व्रत त्या पायरीचे नाही, हे खरे. तरी निष्फळ हा शब्द बोचणारा आहे. नुसत्या करमणुकीसाठी, पाण्यातले पक्षी उठवीत फेऱ्या मारणे त्याखाली येईलच. भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, तेथे कोणतीच शर्यत शोभणारी नाही. दुसऱ्या बाजूला, तेलाचा थेंब पाण्यात न सांडणारी, आवाज न करणारी, मोटारबोटीच्या पंख्याप्रमाणे मासे न चिरणारी अशी दुसरी वेगवान नौका सांगता येणार नाही. शर्यत हा खेळ आहे आणि त्याला खेळाहून मोठे नाव देऊ नये. परंतु खेळात शिकलेली गोष्ट निष्फळ ठरेलच असे नाही.

बिहारमधील मोतीहारीचे मोहम्मद सैदुल्लाह यांचे उदाहरण या ठिकाणी आठवते. 1975 च्या महापुरात नावेसाठी माणसांचे होणारे हाल त्यांनी पाहिले आणि सायकललाच पाण्यावर चालायला लावले. दोन्ही बाजूंना दुमडून घेता येणारे तरंगते डबे, मागच्या चाकाच्या आऱ्यांना बसवलेली पंख्याची पाती; रस्त्यावर डबे वर, पाण्यात खाली. ना प्रयोगशाळा, ना हौद, ना कोणाचे अनुदान. त्यांच्या सायकलीला शर्यतीत कोणी जिंकू देणार नाही, कारण ती पाण्यात संथच चालते. पण नाव काठावर येण्याची वाट पाहत बसलेल्या माणसाला वेगाची गरज नव्हती. 2005 साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. पुरस्कारानंतर तरी अशा माणसामागे एखादा कारखानदार उभा राहायला हवा होता, असे कोणाही व्यापाऱ्याच्या मनात आल्याशिवाय राहणार नाही.

पायडलच्या एका नौकेचे नाव तर आपल्या कानांना फारच परिचित आहे : मोक्ष. 1994 साली इंग्लंडमध्ये एक्सेटर येथे बांधलेली ही सुमारे 26 फुटी लाकडी नौका. तिच्यातून जेसन लुईस आणि स्टीव्ह स्मिथ या दोघांनी पोर्तुगालहून निघून 111 दिवसांत अटलांटिक महासागर ओलांडला. एकाने पायडल मारायचे, दुसऱ्याने झोपायचे. इंजिन नाही, शीड नाही, केवळ शरीरबळावर पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा त्यांचा संकल्प होता. अमेरिकेत चाकांच्या बुटांवर प्रवास करताना लुईस यांना मोटारीने उडवले, दोन्ही पाय मोडले. महिनोन्महिने अंथरुणात काढून ते त्याच पायांवर पुन्हा उभे राहिले. पुढे पॅसिफिक झाला, आशिया झाला, आणि 2007 साली ‘मोक्ष’ने मुंबई सोडली ती अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या जिबुतीला जाण्यासाठी. त्याच वर्षी 6 ऑक्टोबरला लुईस लंडनच्या ग्रीनिचला परतले. निघाल्याला तेरा वर्षे झाली होती. ‘मोक्ष’ ही शर्यतीची नौका नव्हे. तिला अन्न, पाणी आणि निजण्याची जागा वाहायची होती. तिच्या कर्त्यांनी वेग सोडून दिला आणि टिकाऊपणा घेतला. हिशेबाची वही तीच, फक्त कोणत्या खात्यावर काट मारायची तो निर्णय वेगळा.

मुंबईच्या बंदराचा उल्लेख आला, की सोलापूरकराला दुसरे एक जहाज आठवणारच. 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्यामागे होते सिंदिया कंपनीचे संस्थापक शेठ वालचंद हिराचंद, 1882 साली याच सोलापुरात एका दिगंबर जैन कुटुंबात जन्मलेले. समारंभांतून ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण ‘लॉयल्टी’चे पुढे काय झाले ते सहसा सांगत नाही. ते 1891 साली बांधलेले, ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतलेले, महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरलेले जुने जहाज होते. चार वर्षांत, 1923 साली, ते मुंबईत मोडीत निघाले. शेठजी तेथे थांबले नाहीत. 1941 साली त्यांनी विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या गोदीची पायाभरणी करविली आणि 14 मार्च 1948 रोजी तेथून ‘जलउषा’ पाण्यात उतरली. पहिले जहाज मोडीत गेल्याला तोवर पाव शतक लोटले होते.

पायडलची नौका हे त्या मानाने अगदीच लहान प्रकरण. एका पावसाळ्यात बांधून होणारे. सोलापूरच्या हवामानाची तिला एक वेगळीच सोय आहे. शहराच्या उत्तरेला हिप्परग्याचा एकरूख तलाव, इंग्रज अमदानीत याच अवर्षणप्रवण मुलखासाठी बांधलेला. पाऊसमान बरे झाले, तर दिवाळीच्या सुमारास त्यात नौका घालण्याजोगे स्वच्छ, खोल पाणी असते. परवानगी घेऊन, वारा उठण्याआधी, दोन महिने चाचण्या होऊ शकतात. मग काठ मागे सरू लागतो, चिखल वर येतो, आणि उन्हाळ्यापर्यंत पाणी काठापासून लांब गेलेले असते. जेथे बारमाही पाणी आहे, तेथले कर्ते नौका चालवीतच राहतात आणि दुरुस्ती उद्यावर टाकतात. येथे तसे होणार नाही. मार्चपासून जूनपर्यंत नौका पडवीत दोन घोड्यांवर पालथी पडलेली. पंखा उतरवून बाकावर ठेवलेला. वहीतील नोंदी पाहून पात्याची कड कानशीने थोडी थोडी कमी करायची, तोलून पाहायची, दोन्ही पाती एकाच वजनाची होईपर्यंत.